कडकभाऊंचा घड्याळवाला पिक्चर

कडकभाऊंनी सांगितलेला सिनेमा पाहिला की आमच्या घरात भांडण ठरलेलं. सिनेमा वाईट असतो म्हणून नव्हे, तर त्यांनी सांगितलेली गोष्ट आणि आम्ही पाहिलेली गोष्ट यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नसतो म्हणून. नवरा म्हणतो, तू भलतंच काहीतरी लावलंस. मी म्हणते, लिंक त्यांनीच पाठवलीय, हा बघ फोन. सासूबाई म्हणतात, त्या माणसाला खोटं बोलून काय मिळणार आहे, तुम्हालाच कळत नसेल. मग तिघंही तीन दिशांना तोंडं करून बसतो.

कडकभाऊ म्हणजे आमच्या बिल्डिंगखालचे इस्त्रीवाले. इस्त्री कडक करतात, हे एक. आणि आवडलेल्या प्रत्येक गोष्टीला, मग तो सिनेमा असो, थंडी असो की कुणाचं भाषण, ‘कडक’ म्हणतात, हे दुसरं. या नावाला त्यांची हरकत नाही. खरं नाव विचारलं तर क्षणभर आठवावं लागतं असा चेहरा करतात. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. इतकी वर्षं इस्त्री ढकलून उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला. साऱ्या बिल्डिंगच्या कपड्यांना शिस्त लावणाऱ्या या माणसाचा स्वतःचा शर्ट मात्र कायम चुरगळलेला, जणू आत्ताच गाठोड्यातून काढून अंगात घातलाय.

मी एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. डॉक्टरांचे पांढरे कोट इस्त्री करून आणायचं काम कधीतरी माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. त्यामुळे दर दोन-तीन दिवसांनी जिन्याखालच्या त्या खोलीत माझी फेरी असते. खाली जाताना हातात कोट असतात, वर येताना कोट आणि एक सिनेमा.

गाजलेल्या सिनेमाचं त्यांना वावडं आहे. “ज्याचं पोस्टर लागलं, तो कामातून गेला, ताई,” ते म्हणतात. त्यांना लागतो तो कुठल्या तरी कोपऱ्यात पडून राहिलेला, कुणी न पाहिलेला परदेशी सिनेमा, आपल्या भाषेत डब केलेला. बाकी मतांना तोटा नाही. मारामारीचे सिनेमे म्हणजे नुसता घर्र घर्र आवाज, त्यात कथा कुठे असते? गाणी कशाला? माणसं चांगली बोलत असतात आणि मध्येच वाजंत्री. बक्षीस मिळालेला एक सिनेमा मीच त्यांना सुचवला होता. दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं करून म्हणाले, “ताई, त्यात कोणी बोलतच नाही हो. अर्धा पिक्चर गप्प. मी आपल्या चादरी उरकून घेतल्या.”

मला वाटलं, रसिक माणसाचा तिरकसपणा असेल. असतात एकेकाच्या खोडी.

पण त्यांचा एक लाडका नट होता, त्याच्यापायी मी खरोखर भंजाळले. भाऊंच्या मते तो जगातला सगळ्यात मोठा नट. आणि कुणालाच त्याची किंमत नाही. “प्रत्येक पिक्चरमध्ये असतो. चोर तो, डॉक्टर तो, जहाजाचा कप्तान तो. रागावायच्या आधी बारीक खाकरतो बघा. एकेका पिक्चरमध्ये तीन-तीन कामं करतो, आणि पेपरात एक ओळ नाही!” मी त्यांनी सांगितलेले चार सिनेमे लक्ष देऊन पाहिले. चोर ठेंगणा होता, डॉक्टर काळा आणि देखणा होता, कप्तानाला दाढी होती. यातला एकही माणूस दुसऱ्यासारखा नव्हता. मेकअप तरी किती करणार? एका सिनेमात तर, भाऊ म्हणाले होते, पोलीसच चोर असतो आणि शेवटपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. आम्ही पाहिला. पोलीस पोलीसच होता. चोर दुसराच होता. दोघं समोरासमोर उभे राहून भांडले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “आरशात बघून बोलत असेल.”

आणि मग तो घड्याळवाला पिक्चर आला.

त्या दिवशी मी कोट टेबलावर ठेवले तर भाऊंनी इस्त्री उभी करून ठेवली. हे विशेष होतं. बोलताना त्यांचा हात कधी थांबत नाही. नजरही वर होत नाही, कारण नजर हलली की कॉलर जळते.

“एक पोरगी असते, ताई,” ते म्हणाले. “घड्याळं दुरुस्त करायचं दुकान. दुकान बापाचंच, पण बाप भांडून निघून गेलेला. वीस वर्षं जातात. आणि एक दिवस एक म्हातारा येतो घड्याळ घेऊन. कोण असेल?”

“बाप?”

“बाप! पण नाव वेगळं सांगतो. घड्याळ दुरुस्त करून नेतो, घरी जाऊन स्वतःच बिघडवतो, आठवड्यानं परत हजर. कशासाठी? तर घटकाभर दुकानात बसायला मिळावं. आणि पोरगी ओळखते बरं का. पहिल्या दिवशीच ओळखते. पण बोलत नाही. चहा करून देते. शेवटी एक दिवस तो म्हणतो, ‘आता घड्याळ नीट चालतंय.’ बस्स. माफ केलं तिनं. कडक पिक्चर! तीनदा पाहिला मी.”

घरी येऊन मी ही गोष्ट सासूबाईंना सांगितली, तर पदर डोळ्याला. नवऱ्यानंसुद्धा फोन बाजूला ठेवून ऐकली. रविवारी दुपारी तिघंही टीव्हीसमोर मांडी ठोकून बसलो.

पहिल्या अर्ध्या तासात बाप मेला.

साधासुधा नाही, दाखवून मेला. जाडा, टक्कल पडलेला बाप. घर सोडून गेलेला. पश्चात्ताप होतो, परत यायला निघतो, तिकीट काढतो आणि स्टेशनच्या बाकावर बसल्या बसल्या छातीत कळ येऊन आडवा होतो. तिकीट खिशातच राहतं. त्याला मातीत पुरलेलंही दाखवलं. मग वीस वर्षं जातात आणि दुकानात एक गिऱ्हाईक येतं. काठीसारखा उंच, पांढऱ्या मिशांचा, रेल्वेतून निवृत्त झालेला तिकीट तपासनीस. बायको गेलेली, बोलायला कोणी नाही, म्हणून घड्याळ बिघडवून येत राहतो. बास. बापाशी त्याचा काही संबंध नाही. एक दिवस घड्याळ नीट चालतंय म्हणून सांगतो, त्यानंतर येत नाही. पोरगी दुकान बंद करते.

“यात बाप कुठे आहे?” नवरा म्हणाला.

“हाच,” सासूबाई ठामपणे म्हणाल्या. “वीस वर्षांत माणूस वाळतो.”

“आणि उंच होतो?”

“मिशी वाढवलीय.”

“आई, तो मेला. पुरलं त्याला!”

“मेल्याचं नाटक केलं असेल. भाऊ म्हणाले ना, वेगळं नाव सांगून येतो?”

मी लिंक परत तपासली. तीच होती. सिनेमातल्या गावात घड्याळदुरुस्तीचं दुसरं दुकानही नव्हतं. माझ्या डोक्याला मुंग्या आल्या. मला अर्धवट काही चालत नाही. शेजारणीनं गोष्ट अर्ध्यावर सोडली तरी मी रात्रभर कूस बदलते. इथे तर एक अख्खा बाप गायब होता.

सोमवारी दवाखान्यातून आल्या आल्या मी कोट घेऊन खाली उतरले, कोट स्वच्छ होते तरी. भाऊंपुढे दोन गिऱ्हाइकं होती म्हणून मी आत कडेला उभी राहिले. एरवी मी दारातूनच बोलून जाते. मागच्या फळीवरून बोलणं ऐकू येत होतं. रेडिओ असेल असं मला इतकी वर्षं वाटत आलेलं. तेवढ्यात एका माणसानं बारीक खाकरलं आणि रागानं म्हणाला, “या जहाजावर माझा शब्द शेवटचा!”

आवाज ओळखीचा होता. काल स्टेशनच्या बाकावर मेला, तोच आवाज. आणि दुकानात घड्याळ घेऊन आला तोही हाच!

मी फळीकडे गेले. तिथे एक जुना टॅब पालथा पडला होता, काच खाली, पाठ वर. मी तो उलटा केला. दाढीवाला कप्तान ओरडत होता.

“ताई, पालथाच राहू द्या,” भाऊ नजर न उचलता म्हणाले. “स्पीकर पाठीला आहे. सरळ ठेवला की आवाज दबतो.”

“तुम्ही सिनेमे असे बघता?”

“मग कसे बघणार? इस्त्री कोण करणार? आणि म्हणून तर कोणी न पाहिलेले लावतो. गाजलेल्यांच्या मध्ये जाहिराती फार. दर वेळी इस्त्री ठेवून बटण दाबायला जायचं म्हणजे कामाचं वाटोळं. पडेल पिक्चर बरे, एकसलग चालतात.”

म्हणजे हे होतं रसिकतेचं रहस्य! स्वस्तातलं डबिंग, तिथे दोन पुरुष आणि एक बाई मिळून अख्खं गाव बोलतं. जगातला तो सगळ्यात मोठा नट म्हणजे कुठल्या तरी खोलीत माइकसमोर बसलेला माणूस. बापाचं तोच बोलला, गिऱ्हाइकाचंही तोच बोलला, आणि भाऊंनी दोघांचा एक माणूस केला. मला एकदम हसू फुटणार होतं. भाऊ, तुमचा बाप तर पहिल्या अर्ध्या तासातच मेला, हे वाक्य माझ्या जिभेवर आलंसुद्धा.

गिऱ्हाइकं गेली होती. भाऊ एका लहान फ्रॉकला इस्त्री करत होते. झालर बोटानं उलगडत होते, कडेकडेनं टोक फिरवत होते.

“पाहिलात ना पिक्चर?” ते म्हणाले. “आमची पण एक आहे. लेक. बसच्या डेपोत मेकॅनिक आहे, इथून तीन-चार तासांवर. बोलत नाही माझ्याशी. आठ-नऊ वर्षं झाली.” फ्रॉक उलटा केला. “पण त्या पोरीनं वीस वर्षांनी ओळखलं की नाही बापाला? आवाजावरून ओळखलं. रक्ताचं असतं ते.”

मी हसू गिळलं. हो म्हणाले, आणि स्वच्छ कोट तिथेच टाकून वर आले.

घरी सभा भरली. नवरा म्हणाला, “तू गप्प बसायचंस. त्या माणसाला एक आशा आहे, ती कशाला मोडतेस? पिक्चरच आहे शेवटी.” हे बरोबर वाटलं. सासूबाई म्हणाल्या, “पण उद्या तो त्या भरवशावर गेला आणि लेकीनं दार लावून घेतलं तर?” हेही बरोबर वाटलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी सांगितलं तर त्यांची आशा जाते, नाही सांगितलं तर खोट्या आशेवर ते तोंडघशी पडतात. दवाखान्यात मी एका बाईंना दाढ काढायच्या ऐवजी दात साफ करायची वेळ देऊन बसले. डॉक्टर म्हणाले, तुमचं लक्ष कुठंय? लक्ष एका मेलेल्या जाड्या माणसावर आहे, हे त्यांना काय सांगणार?

भाऊ मात्र खुशीत होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो पिक्चर सांगत होते. लोक बघत होते आणि चक्रावून परत येत होते. दुसऱ्या मजल्यावरचे पेन्शनवाले काका मला जिन्यात थांबवून म्हणाले, “तो दुसरा भाग असेल का? पहिल्या भागात मरतो तो?” मी मूग गिळून बसले. मला ओळखणाऱ्यांना विचारा, हे मला किती जड जातं.

पुढच्या शनिवारी मी कोट आणायला गेले तेव्हा भाऊ फोनवर बोलत होते. त्यांची बहीण होती. फोन ठेवून ते परत इस्त्रीकडे वळले.

“लेक चाललीय,” म्हणाले. “कामानिमित्त. परदेशात. महिनाअखेरीला. बहीण म्हणते, येऊन भेट एकदा, मग कधी येईल ते सांगता येत नाही.”

“मग जा ना!” मी म्हणाले. “भाऊ, उद्याच जा!”

“जायचं की.” इस्त्री चालूच. “घाई कशाला? येईल ती परत कधीतरी. त्या बापाला नाही का वीस वर्षं लागली? माझी तर आठ-नऊच झालीत. वेळ आली की सगळं आपोआप होतं, ताई. पोरगी ओळखतेच.”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. मी आठवडाभर ज्याला आशा समजून जपत होते, ती आशा नव्हतीच. ती सबब होती! हा माणूस त्या पिक्चरच्या जिवावर मजेत बसून राहणार होता, आणखी दहा-बारा वर्षं आपली शिल्लक आहेत अशा हिशेबानं. मला इतका राग आला की नवऱ्याचा सल्ला, सासूबाईंची काळजी, सगळं चुलीत गेलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

“अहो, तो बाप मेलाय!”

“कोणता?”

“तुमचा! घड्याळवाला! पहिल्या अर्ध्या तासात मेला! दुकानात येतो तो कोणीतरी परका आहे. आवाज एक आहे, माणसं दोन आहेत! तुमचा तो मोठा नट म्हणजे कोणीच नाही, डबिंगवाला आहे, तो सगळ्यांचंच बोलतो!”

“नाही, ताई.” ते समजुतीनं म्हणाले, चिडलेल्या पोराशी बोलावं तसं. “तीनदा पाहिलाय मी.”

“पाहिला नाहीत! ऐकलात!”

भाऊंनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मग फळीवरच्या पालथ्या टॅबकडे, परत माझ्याकडे. करपल्याचा वास आला तेव्हा दोघंही दचकलो. डॉक्टरांच्या कोटाच्या खिशावर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला होता.

आपण काय करून बसलो हे मला वर आल्यावर कळलं. नवरा माझ्याशी बोलेना. सासूबाईंनी एवढंच विचारलं, “चेहरा कसा झाला होता त्यांचा?” मला सांगता येईना. रडवेला नव्हता. रस्ता विचारून चालत आलेल्या माणसाला शेवटी भिंत लागावी, तसा काहीसा होता.

रविवारी दुपारी दारावरची बेल वाजली. भाऊ उभे होते, त्याच चुरगळलेल्या शर्टात. “दाखवा,” म्हणाले.

सोफ्याच्या कडेला टेकले. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. सासूबाईंनी धुतलेल्या टॉवेलांचा ढीग समोर ठेवला, तसे ते घड्या घालू लागले. सिनेमा सुरू झाला आणि सवयीनं त्यांची मान खाली गेली.

“भाऊ, वर.”

वर बघितलं. पडद्यावर जाडा बाप आला, बारीक खाकरून बोलला. भाऊंच्या हातातला टॉवेल थांबला.

“हा कोण?”

“हाच बाप.”

“हा? असा?” त्यांना विश्वास बसेना. “मला वाटलं होतं, चांगला उंचापुरा असेल.”

बाकावर तो आडवा झाला तेव्हा ते पुढे वाकून बघू लागले. त्यांनी त्या जागी आधी काय ऐकलं असेल? गाड्यांचे आवाज, गर्दी, लोकांची आरडाओरड. मेलेला माणूस थोडाच सांगतो, मी मेलो म्हणून! मग तो उंच म्हातारा दुकानात आला आणि मेलेल्या बापाच्या आवाजात म्हणाला, “घड्याळ बंद पडलंय.” भाऊ आ वासून बघत राहिले. घरमालक आला, तोही त्याच आवाजात भाडं मागायला लागला.

“हा पण?”

“हा पण. तुम्हाला हा कोण वाटला होता?”

“बापाचा भाऊ,” भाऊ हळूच म्हणाले. “आवाज घरचा वाटला.”

कुणीही हसलं नाही. नवरासुद्धा जागा होता.

सिनेमा संपला तेव्हा टॉवेलांच्या घड्यांचा एक सरळ गठ्ठा झाला होता. भाऊंनी वरचा टॉवेल पुन्हा हातात घेतला.

“म्हणजे तो बोलणारा,” त्यांनी विचारलं, “तो दिसतच नाही कुठे?”

“नाही.”

“एवढं काम करतो आणि कोणी बघितलेलाच नाही त्याला.” मान हलवली. “तरी मोठा कलाकार हो. कडक.” मग टॉवेलाच्या कडेवरून अंगठा फिरवत म्हणाले, “आमच्या हिची आई... म्हणजे माझी बायको. आजारी होती. मी खाली, ती वर. वरून विचारायची, जेवायला येताय ना? आवाज ठणठणीत. मी विचारायचो, कशी आहेस? ठीक आहे म्हणायची. ठीकच वाटायचं मला. लेक सुट्टीत आली, तिनं बघितलं. मला म्हणाली, आई निम्मी झालीय, तुम्हाला दिसलं नाही का? दिसलं नव्हतं, ताई. खरंच नव्हतं दिसलं. मग तिची आई गेली. लेक काय काय बोलली, मीही बोललो. चालती हो म्हणालो. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.”

सासूबाईंनी त्यांच्यापुढे पाणी ठेवलं. मला वाटलं, आता हा माणूस खचला. आता कुठला जातोय लेकीकडे! जी काही आशा होती ती माझ्या तोंडाळपणानं गेली. मला रडू यायला लागलं आणि स्वतःचा संतापही.

“त्याच्या खिशात तिकीट होतं ना?” भाऊंनी विचारलं.

“होतं.”

“म्हणजे जाणारच होता. पण मेला.” ते उठले. “आणि ती पोरगी वीस वर्षं वाट बघत राहिली. भलत्याच माणसाला चहा पाजत राहिली. मी तर आहे अजून.”

नवऱ्याकडे वळून त्यांनी सकाळची पहिली बस किती वाजता असते ते विचारलं.

सोमवारी जिन्याखालच्या खोलीला कुलूप होतं. आत निम्म्या बिल्डिंगचे कपडे. नवरा आदल्या आठवड्याचा शर्ट घालून गेला. पेन्शनवाले काका मला म्हणाले, “तुम्ही काय सांगितलंत त्यांना? माझं बँकेत काम होतं आज!” मी चांगलं केलं की वाईट, हेच मला उमजत नव्हतं. लेकीनं दार लावून घेतलं असेल तर? ती घरी नसेल तर? डॉक्टर जळलेल्या खिशाचा कोट घालून हिंडत होते आणि पेशंट त्या ठशाकडे बघत होते.

दुपारी, दवाखाना भरलेला असताना, फोन आला. भाऊ कुजबुजत होते.

“ताई, आलो मी. दार तिनंच उघडलं.”

“मग? काय म्हणाली?”

“‘बसा’ म्हणाली. आत निघून गेली. मी बाहेरच्या खोलीत बसलोय, अर्धा तास झाला. ती स्वयंपाकघरात आहे. आतून आवाज येतोय. रडतेय का हसतेय, का नुसती भांडी घासतेय... मला काही कळेना झालंय. मी कान देऊन ऐकतोय, पण...”

“अहो, मग आत जा की!” मी ओरडले.

समोरच्या बाकावरचे आजोबा दचकून उठले आणि नंबर नसताना डॉक्टरांच्या खोलीत शिरले. मला त्यांना अडवायचं भानही राहिलं नाही. भाऊंनी फोन बंद केला नव्हता. खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं, मग पावलं, मग काहीतरी भांडं पडलं. मग बराच वेळ काही नाही. बाकावरची माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी फोन कानात खुपसून उभी होते. पुढे काय झालं ते मला हवंच होतं.

मग रडण्याचे दोन आवाज एकदम आले. त्यातला कुठला बापाचा आणि कुठला लेकीचा, ते मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.